वाखाच्या कोठीतली चूल

वाखाच्या कोठीत चूल मांडायची, असं दोरवाला म्हणाला तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

"कुठं मांडायची म्हणालात?"

"कोठीत. मागच्या भिंतीला."

"अहो, बिडी ओढून आलेल्या माणसाला तुम्ही कोठीच्या पायरीवर उभं करत नाही. आणि आत चूल पेटवायची?"

"कायमची थोडीच पेटवायची आहे! गणतीवाले येऊन जाईपर्यंत."

आता कोठी म्हणजे काय, तर अंगणाच्या पलीकडची एकच मातीची खोली. तिच्यात जमिनीपासून आढ्यापर्यंत वाखाच्या पेंड्या रचलेल्या. घायपाताची पानं कुजवून, ठेचून, धुऊन काढलेला तो पांढरा धागा एकदा का वाळला, की ठिणगीची वाटच बघत बसतो. सासऱ्याच्या हयातीत तिथं एकदा कंदील कलंडला होता. सासूनं धावत जाऊन पेटती पेंडी छातीशी धरून बाहेर आणली होती. तेव्हापासून म्हातारीच्या गळ्याखालची कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी होती, आणि कोठीत शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जावई का असेना, ती आधी खिसे उलटे करायला लावायची. अशा कोठीत अशा बाईला चूल मांडून द्यायची होती.

वेळच तशी आली होती. तळं उन्हाळा लागायच्या आधीच आटलं. पानं भिजत घालायला पाणी नाही, तर नवा वाख येणार कुठून? कोठीत होता तेवढाच. तो संपला की दोर वळायचा चरक आढ्याला टांगून तिघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. त्यातून बाजारात नायलॉनचे रंगीत दोर आलेले. ते ना कुजतात, ना टोचतात.

आणि अशात गणतीची बातमी आली. साऱ्या देशात घरोघरी माणसं जाणार. कोण कोणाबरोबर राहतं, घर कशावर चालतं, पोटभर जेवता का, रात्री झोप लागते का, सगळं विचारणार. ज्या म्हाताऱ्या माणसाला कोणी नाही, ज्याची चूल वेगळी, त्याला धान्य मिळणार, महिन्याला आधार मिळणार. कमावत्या मुलाच्या चुलीवर जेवणाऱ्यांना काही नाही. खरं-खोटं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लोहाराच्या बापाचं काय झालं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मागल्या खेपेला तो मागच्या खोपट्यात एकटा राहतो असं लोहारानं सांगितलं होतं, त्याला धान्य सुरूही झालं होतं. एका दुपारी तपासायला माणूस आला, नेमकी त्याच वेळी लोहाराची बायको सासऱ्याचं ताट घेऊन अंगण ओलांडत होती. झालं! ताट अंगणात आणि म्हाताऱ्याचं नाव बाहेर.

"म्हणून सांगतो," दोरवाला म्हणाला, "ताट न्यायचं नाही, आणायचं नाही. शिधा एकदाच तिच्याकडे ठेवायचा. समोरची शिंपीण दिवसभर खिडकीत बसलेली असते. तिच्या डोळ्यांतून मुंगी सुटत नाही."

"पण आत्याबाईंना विचारलंत का?"

म्हातारी ओट्यावर बसून जुना कासरा उसवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला काय विचारायचंय?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुझ्या बापाच्या मागे लागले होते, वेगळं बिऱ्हाड करू या म्हणून. आता सत्तरी ओलांडल्यावर मिळतंय तर नको कशाला म्हणू?"

दोरवाला मोठ्यानं हसला. त्याची बायको हसली नाही. म्हातारी हे बोलताना कोठीच्या दाराकडे बघत होती आणि तिचा हात गळ्याखालच्या त्या कातडीवर गेला होता, हे तिला दिसलं होतं.

मग कामाला लागले. पेंड्या पुढे ओढल्या, मागच्या भिंतीशी खाट मावेल एवढी जागा केली. पेंड्या आणि चूल यांच्यामध्ये पत्रा उभा केला. चुलीला माती लिंपली. पण नवी कोरी चूल बघून कोण फसणार? तेव्हा ती पेटवून भिंत काळी करायची ठरलं. तेवढा वेळ सून पाण्याच्या बादल्या भरून, दारात ठाण मांडून बसली. लाकूड तडतडलं की ही बादलीला हात घालायची. एकदा ठिणगी पत्र्यावरून उडाली, तर हिनं अख्खी बादली चुलीतच ओतली आणि चूल पुन्हा लिंपावी लागली.

"तू असाच धीर धरलास तर गणती पुढच्या वर्षी संपेल," नवरा म्हणाला.

अखेर भिंत काळी झाली. दोन पातेली, एक पोचा आलेली थाळी, तांदळाचा डबा, डाळीचा डबा, मिठाची बरणी असा संसार मांडून म्हातारी कोठीत राहायला गेली. लेक लग्न होऊन गेली त्या दिवशी सुनेला घर जेवढं मोठं वाटलं होतं, तेवढं आज पुन्हा वाटलं. खरं तर सासूशी तिचं फार गूळपीठ होतं असंही नाही. म्हातारी तोंडाची फटकळ. सुनेच्या हातचं कधी खारट, कधी अळणी. पण ते खारट-अळणी म्हणणारं माणूस ताटासमोर नव्हतं, आणि ताटातलं तसंच राहत होतं.

मग तिनं स्वतःच्या डोक्यानं एक काम केलं. बारीक सुतळीचा लांबलचक दोर वळला. एक टोक म्हातारीच्या खाटेच्या पायाला बांधलं. भिंतीच्या भोकातून, कुंपणाच्या वेलाखालून तो दोर आणला आणि दुसरं टोक आपल्या स्वयंपाकघरात खडे भरलेल्या डब्याला टांगलं.

"ठिणगी उडाली, धूर कोंडला, काहीही झालं, की हिसका द्यायचा," तिनं सासूला बजावलं. "दोर वळताना देतो तसा. मी उडी मारून येते."

"गणतीवाल्यांना दिसला तर?" नवऱ्याचं लगेच सुरू झालं.

"दोरवाल्याच्या घरात दोर दिसला तर कोण विचारतंय?"

त्यानं दोरावरचा वेल जरा आणखी ओढून घेतला.

काम मात्र तिघांचं एकत्रच होतं. कोणी विचारलं तर म्हातारी रोजंदारीवर येते म्हणायचं. घरामागे झाडांच्या सावलीत दोर वळायची लांब पट्टी होती. एका टोकाला चरक. म्हातारी चरक फिरवायची. सून कमरेला वाख गुंडाळून, बोटांनी धागा सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायची. लडी तयार झाल्या की नवरा खाचांचा लाकडी ठोकळा त्यांच्यात घालून तीन लडींचा एक दोर करत पुढे सरकायचा. पुन्हा पुन्हा हेच. उलटं चालायचं म्हणजे तोंड सतत चरकाकडे, आणि चरकाच्या मागेच कोठी. दिवसभर सुनेच्या डोळ्यांसमोर तेच छप्पर. बोटं आपोआप धागा सोडत असायची आणि नजर छपरावर असायची. मागे निखारा राहून धुराची रेघ तर उठत नाही ना, हे ती बघायची. तिन्हीसांजेलाही ती ओट्यावर येऊन तिकडे बघत बसायची. मागच्या बाजूनं थोडा धूर यायचा आणि विरून जायचा. एखाद्या दिवशी धूर दिसलाच नाही, की तिला हायसं वाटायचं. चला, आज म्हातारीनं सकाळचंच खाल्लं असेल. आज कोठी वाचली.

गणतीवाली आली ती ऐन कामाच्या वेळी. तरुण पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा मोबाईल. दोरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घरातली माणसं दोन सांगितली. मागची म्हातारी वेगळी, तिचं ती बघते, असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. शिंपिणीचं मशीन थांबलं होतं.

पोरगी म्हातारीबरोबर कोठीत गेली. खिसे उलटे कर, असं काही म्हातारी तिला म्हणाली नाही. सून भिंतीबाहेर वाख विंचरायचं निमित्त करून बसली. भोकातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आजी, इथं चूल रोज पेटते?"

"एकटीसाठी काय रोज पेटवायची!"

"मग जेवता कधी?"

"जमेल तेव्हा."

"गेल्या महिन्याभरात कधी उपाशी राहावं लागलं?"

आत थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"तुला जे लिहायचं ते लिही, बाळ."

"नाही आजी, तुम्हीच सांगायचं असतं."

"मग हो लिही."

"आजारी पडलात तर कोणाला हाक मारता?"

"हाक कशाला? ज्याला त्याला आपापली कामं आहेत."

"कसली भीती वाटते का?"

"वाटते. आगीची."

पोरगी बाहेर आली तेव्हा ती ओठ चावत होती. जाताना दोरवाल्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "वरचे साहेब पुन्हा येऊन बघतील. कधी ते सांगता येत नाही. आधी कळवत नाहीत."

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर दोरवाल्यानं कपाळाचा घाम पुसला आणि कोठीत शिरून आईच्या पायांना हात लावला. "काय नाटक वठवलंस गं आई! त्या पोरीला रडवलंस!"

"मग! पोटाला तुझ्यासारखा लबाड आला तो काय उगाच?" म्हातारी म्हणाली.

सगळे हसले. सूनही हसली. पण त्या 'हो लिही'च्या आधी म्हातारी जी गप्प झाली होती, ती काही तिच्या डोक्यातून जाईना.

आता म्हातारीला घरात आणायचं म्हटलं, तर ते वरचे साहेब! रस्त्यावर मोटारसायकल वाजली की दोरवाला ठोकळा टाकून बघायला धावायचा. दूधवाला निघायचा, नाहीतर पोस्टमन. दहादा फसला तरी अकराव्यांदा धावायचा. बायकोनं दोनदा विषय काढला.

"अहो, आता आणू या ना त्यांना."

"लोहारालाही असंच वाटलं होतं."

"वारा किती सुटलाय बघा. एक ठिणगी पुरे."

"आई काय कुक्कुलं बाळ आहे? सगळा जन्म त्या वाखात गेला तिचा. जरा कळ काढ. एकदा धान्य सुरू झालं की वाख संपला तरी आपण मरत नाही."

हे खरं होतं, म्हणून तिनं विषय सोडला. भीती अशीच असते. एकीच्या तोंडावर दुसरी आणून ठेवली की माणसाला कुठली मोठी ते कळेनासं होतं.

मग दोर बिघडू लागला. होडी बांधायचा जाड दोर लांबच्या खाडीवरच्या होडीवाल्यानं नेला होता. तो त्यानं भर गल्लीत दोरवाल्याच्या पायाशी आणून टाकला.

"हा दोर म्हणायचा का शेळीचं शेपूट? हातानं उलगडतोय बघ! तुझ्या बापाच्या दोरावर आम्ही वादळात होड्या सोडून झोपायचो. तुला जमत नसेल तर सांग, मी नायलॉनचा आणतो."

शिंपीण बघत होती. लोहार बघत होता. दोरवाला खाली मान घालून दोर गोळा करत राहिला आणि पट्टीवर आल्यावर सगळा राग आईवर काढला.

"पीळ बसत नाहीये! लक्ष कुठं असतं तुझं? चरक फिरवतेस का माश्या हाकतेस?"

"चरकाला तेल घाल," म्हातारी म्हणाली. एवढंच. एरवी तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

त्यानं तेल घातलं. पुन्हा सुरू झाले. सून मागे मागे जात होती. आज तिनं छपराकडे बघितलं नाही, बोटांकडे लक्ष दिलं. चरक फिरवणाऱ्याचा हात धाग्यातून कळतो. इतक्या वर्षांत सासू रागात आहे का खुशीत, हे तिला दुसऱ्या टोकाला उभ्या उभ्या समजायचं. आज धागा दमून दमून येत होता. जरा पीळ, मग नुसतंच ओढणं, मग काहीच नाही. ती हाक मारणार, तेवढ्यात लडी एकदम सैल पडल्या आणि जमिनीला टेकल्या. तिनं वर बघितलं. चरक अजून थोडा हलत होता. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

दोघं धावले. म्हातारी कुशीवर पडली होती, डोळे उघडे, ओठांना पांढरी साय आलेली. दोरवाल्यानं तिला उचललं आणि तो दचकलाच. वाखाची ओली पेंडी याहून जड असते.

"घरात घ्या!" बायको ओरडली.

"कोठीत. कोठीत नेऊ. घराचं दार रस्त्यावरून दिसतं."

आणि तीही, काय सांगायचं, त्याच्या मागोमाग कोठीतच गेली. भीती अंगात मुरलेली होती. खाटेवर म्हातारीला टेकवून तिला पाणी पाजलं. "पेज करते, कढत कढत," असं म्हणत सून चुलीशी बसली आणि राख सारायला तिनं आत हात घातला.

राख गार होती. नुसती गार नव्हे, दडपून बसली होती, वरून तिला माती धरली होती. चुलीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते तिच्या मनगटाला चिकटलं. पातेल्यांना काजळी नव्हती. कोपऱ्यात थाळीखाली एक वाटी झाकलेली होती. तिच्यात पाण्यात भिजत घातलेले मूठभर कच्चे तांदूळ होते.

"आत्याबाई, हे काय आहे?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चूल कधीपासून पेटली नाही?"

"तू भिंत काळी केलीस ना, तेव्हा पेटली होती," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "मी नाही पेटवली. कशी पेटवू गं? तुम्हा दोघांचं वर्ष आहे ह्या पेंड्यांत. ही पेटली तर तुम्ही खाणार काय?"

"आणि तुम्ही कच्चे तांदूळ खाताय?"

"भिजले की मऊ होतात. दात कुठं आहेत, म्हणून जरा वेळ लागतो. अलीकडे उतरेनासे झाले."

"पण मला धूर दिसायचा!"

"कोठीच्या मागे मूठभर पाला पेटवायची. अधूनमधून. नाहीतर तू विचारायला आली असतीस."

"रोज तरी पेटवायचा! मला आपलं वाटायचं, सकाळचंच खाल्लं असेल…"

"धूर नाही दिसला तर तुला बरं वाटायचं," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "चरकामागून मला तुझं तोंड दिसतं ना. छपराकडे बघायचीस, आणि धूर नसला की तुझं तोंड कसं सुटायचं. म्हटलं, पोरीला तेवढंच बरं."

सुनेनं तोंडावर हात घेतला. तिला रडू नाही आलं, भीती वाटली. आजवर वाटली नव्हती एवढी, आणि ती आगीची नव्हती. ज्या ज्या दिवशी तिला हायसं वाटलं होतं, ते सगळे दिवस तिला आठवायला लागले.

"हिसका द्यायचा ना!" ती जवळजवळ ओरडलीच. "दोर कशाला बांधला होता मी? तो तुमच्या पायाशीच आहे!"

"तो आगीसाठी होता," म्हातारी म्हणाली. "भूक लागली तर ओढायचा, असं कुठं ठरलं होतं?"

दोरवाला दारात उभा होता. त्यानं हे ऐकलं आणि वाखाच्या पेंडीवर मटकन बसला. 'हो लिही' म्हणाली होती आई, आणि आपण तिच्या पाया पडलो होतो, नाटक छान झालं म्हणून.

सून उठली. तिनं सासूच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा.

"अगं, काय करतेस? रस्त्यावरून दिसतं!" नवरा म्हणाला, पण ते सवयीनं.

"दिसू दे."

भर दुपारी, उघड्या अंगणातून, ती सासूला हातांवर घेऊन निघाली. शिंपिणीचं मशीन थांबलं. सुनेला पावलं रेटावी लागत होती. वजनानं नव्हे, वजन होतंच कुठं? लोहाराचं ताट तिच्या डोळ्यांसमोर होतं, गळ्यात ओळखपत्र घातलेला कुठलासा साहेब फाटकाशी उभा आहे असं तिला सारखं वाटत होतं. तिनं फाटकाकडे बघितलं नाही. पायाखालची जमीन बघत बघत, आयुष्यात क्वचितच चालली असेल तशी, ती सरळ पुढे चालत गेली.

घरात चूल धडधडून पेटवली. पेज शिजली. तोवर दोरवालाही आत येऊन भिंतीशी बसला होता. सुनेनं सासूला मांडीशी टेकवलं आणि फुंकर घालून पहिला चमचा तिच्या तोंडाशी नेला. म्हातारीनं ओठ मिटून घेतले.

"आधी दार लाव."

"कशाला?"

"कोणी येईल. दार लाव, मग खाते."

दोरवाला दार लावायला उठला. बायकोनं त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो कडीला हात लावून तसाच थांबला, मग त्यानं दार सताड उघडलं आणि वाऱ्यानं मिटू नये म्हणून खाली दगड सरकवला.

म्हातारीनं चमचाभर पेज तोंडात घेतली. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर मोटारसायकल वाजली. आवाज जवळ आला. म्हातारीनं घास गालात धरला, गिळला नाही. लहान मूल चोरून खाताना पकडलं जावं तशी ती दाराकडे बघत राहिली. तिची बोटं सुनेच्या मनगटावर घट्ट बसली होती, चरकाच्या मुठीवर बसायची तशी. दोरवाल्याची पाठ भिंतीला चिकटली होती. बायकोलाही भीती वाटत होती, नव्हती असं कोण म्हणेल! पण तिनं दुसरा चमचा भरला.

"कोण आहे?" म्हातारीनं भरल्या गालानं विचारलं.

"कोणी का असेना," सून म्हणाली. "तुम्ही गिळा आधी."